हरभऱ्याची मर : एका नावाखालील अनेक वंश

रब्बी हंगामात हरभऱ्याची उगवण होऊन तीन-चार आठवडे लोटतात न लोटतात तोच शेतात कोठे एखादे रोप, तर कोठे चार-सहा रोपे मिळून माना टाकू लागतात. जमिनीत ओल असते, पानांवर डाग नसतो, अळी दिसत नाही. तरी आदल्या दिवशी टवटवीत असलेले रोप दोन-तीन दिवसांत निस्तेज होऊन कोमेजते. पुढे घाटे भरण्याच्या सुमारास अशीच दुसरी लाट येते. ग्रामीण महाराष्ट्रात या सर्व प्रकाराला 'मर' हे एकच नाव आहे. नाव एक असल्यामुळे रोग एक, बुरशी एक आणि उपायही एकच, अशी समजूत सहजच रूढ झाली. गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाने ही समजूत दोन्ही बाजूंनी ढिली केली आहे. 'मर' या नावाखाली किमान तीन वेगळे रोग वावरतात, ही एक बाजू. आणि त्यांतील जी खरी मर, तिची बुरशीदेखील सर्वत्र एकसारखी नसून तिचे निरनिराळे वंश आहेत, ही दुसरी. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. परंतु 'मर-प्रतिकारक' म्हणून दिलेले बियाणे एका भागात तगते व दुसऱ्या भागात दगा देते, याचे एक महत्त्वाचे कारण तिच्यातच दडलेले आहे.

हरभऱ्याच्या लागवडीत महाराष्ट्राची गणना देशातील आघाडीच्या राज्यांत होते. विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील काळ्या जमिनींत, बऱ्याच ठिकाणी केवळ जमिनीतील ओलाव्यावर, हे पीक उभे राहते. जेथे दुसरे पाणी नाही तेथे रोप गेले की हंगामच गेला. त्यामुळे या सूक्ष्म बुरशीच्या वंशावळीचा विचार केवळ प्रयोगशाळेपुरता राहत नाही. बियाणे कोणते आणावे, कोठून आणावे आणि ते कोणाला द्यावे हे ठरविणाऱ्यांनाही तो करावा लागतो.

तीन रोग, एक नाव

वंशांकडे वळण्यापूर्वी खऱ्या मरीची ओळख पटणे आवश्यक आहे. कारण येथे चूक झाली तर पुढील सर्व विचार व्यर्थ ठरतो.

पेरणीनंतर लवकरच, विशेषतः जमीन फार ओली असताना व शेतात आधीच्या पिकाचा अर्धवट कुजलेला काडीकचरा असताना जी रोपे मरतात, त्यांचे खोड जमिनीलगत कुजलेले आढळते. त्यावर पांढरे तंतू आणि कधी मोहरीच्या आकाराचे तपकिरी गोल दाणे दिसतात. ही मानकूज होय. तिची बुरशी 'स्क्लेरोशियम' या नावाने ओळखली जाते. याउलट, फुलोरा व घाटे धरण्याच्या काळात, ऊन वाढून जमीन कोरडी पडली म्हणजे जे झाड गवताच्या काडीसारखे वाळते, ते उपटताना बारीक मुळे जमिनीतच राहतात आणि सोटमूळ काळपट व ठिसूळ होऊन हातात तुटून येते. ही कोरडी मूळकूज. तिची बुरशी 'रायझोक्टोनिया'. अलीकडील वर्षांत उष्णता व पाण्याचा ताण वाढलेल्या भागांत हा रोग अधिक त्रासदायक ठरत असल्याचे रोगशास्त्रज्ञ नोंदवीत आहेत.

खऱ्या मरीत मात्र मूळ वरून पाहता निरोगी दिसते. ते कुजलेले नसते, त्याची साल शाबूत असते. अशा रोपाचे मूळ व खोडाचा खालचा भाग धारदार चाकूने उभा चिरला, तर आतील गाभ्याजवळ काळपट तपकिरी रेघ वर चढत गेलेली दिसते. झाड कोमेजल्यावर लवकरच, ते पूर्ण वाळण्यापूर्वी हा चिरा घ्यावा. वाळलेल्या खोडात ही खूण पुसट होते. शाळेतील विज्ञानाच्या तासाला दाखविण्याजोगे एवढे स्वस्त प्रात्यक्षिक दुसरे क्वचितच सापडेल. 'मर लागली' अशी तक्रार आली की सरसकट प्रतिकारक वाणाला दोष देण्याची जी घाई होते, तिच्यातील बरीचशी या एका चिऱ्याने टळू शकते. मरीला प्रतिकारक असलेला वाण मूळकुजीला प्रतिकारक असतोच असे नाही.

जलवाहिन्यांतील शत्रू

खऱ्या मरीची बुरशी म्हणजे 'फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम'. बिहारमधील पुसा येथे काम केलेले वनस्पतिरोगशास्त्रज्ञ ई. जे. बटलर यांनी १९१८ साली भारतातील हरभऱ्याच्या मरीची नोंद केली. ही बुरशी जगभरच्या जमिनींत आढळते आणि तिचे अनेक प्रकार पिकांना काहीच अपाय करीत नाहीत. जे अपाय करतात, ते बहुधा एकेका पिकापुरते बांधलेले असतात : केळीची मर आणणारा प्रकार हरभऱ्याला मारीत नाही आणि हरभऱ्याचा प्रकार केळीला. हरभऱ्याला बांधलेल्या प्रकाराला शास्त्रज्ञ 'सायसेरी' असे उपनाव देतात.

जमिनीत ही बुरशी जाड कवचाच्या विश्रांत बीजाणूंच्या रूपाने पडून असते. हरभऱ्याचे मूळ जवळ आले की मुळातून झिरपणाऱ्या द्रव्यांनी बीजाणू जागा होतो, मुळात शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत पोहोचतो. तेथे बुरशीचे तंतू व नवे बीजाणू वाढतात. त्यांना अडविण्यासाठी झाडही चिकट द्रव्ये सोडते. दोहोंमुळे वाहिनी तुंबते. पाणी पायाशी असून झाड तहानेने मरते ते यामुळे. जमिनीचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर हा क्रम वेगाने घडतो. उष्ण जमिनीत फार लवकर पेरलेल्या हरभऱ्याला मर अधिक लागते, या अनुभवाचे मूळ येथे आहे.

एम. पी. हवारे व यशवंत नेने या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लवकर लागलेल्या मरीने उत्पादनात ७७ ते ९४ टक्के, तर उशिरा लागलेल्या मरीने २४ ते ६५ टक्के घट येते असे आढळले. यावरून उशिराची मर सौम्य वाटते. पण सौम्य वाटणारी ही मरच एका दृष्टीने अधिक घातक कशी ठरते, हे पुढे येईल.

१९८२ : एका बुरशीचे चार वंश

आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) पाटणचेरू येथे १९७२ साली अर्धशुष्क उष्ण कटिबंधासाठी आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था, म्हणजेच 'इक्रिसॅट', स्थापन झाली. हरभरा हे तिच्या कार्यक्रमातील एक प्रमुख पीक. प्रतिकारक वाण शोधावयाचे तर ते रोगाच्या तोंडी दिले पाहिजेत; म्हणून तेथे मुद्दाम मरग्रस्त क्षेत्र तयार करण्यात आले. रोगट झाडांचा भुगा जमिनीत मिसळून व सतत हरभराच घेऊन या जमिनीत बुरशी वाढविण्यात आली, आणि चाचणीच्या ओळींमध्ये ठराविक अंतरावर 'जे.जी. ६२' या अत्यंत रोगप्रवण वाणाची ओळ पेरण्याची पद्धत पडली. ती ओळ पूर्ण मेली म्हणजे जमीन खरोखर रोगग्रस्त आहे आणि शेजारी जगलेला वाण नशिबाने जगलेला नाही, याची खात्री पटते. मरण्यासाठीच दरवर्षी पेरल्या जाणाऱ्या या वाणाने मर-संशोधनाला दिलेला आधार अनेक नामवंत वाणांहून मोठा आहे.

तथापि एक कोडे उरले. एका ठिकाणच्या रोगग्रस्त जमिनीत जगणारे काही वाण दुसऱ्या ठिकाणच्या रोगग्रस्त जमिनीत मरत होते. हवामानाचा फरक, जातीतील भेसळ, पेरणीची चूक, अशी अनेक कारणे संभवत होती. हवारे व नेने यांनी निरनिराळ्या ठिकाणची बुरशी आणून, एकाच छताखाली, एकाच तापमानात, दहा निवडक वाणांवर तिची परीक्षा घेतली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बुरशीचे चार वंश वेगळे ओळखता आले. हैदराबादकडील नमुना वंश १, कानपूरचा वंश २, पंजाबातील गुरुदासपूरचा वंश ३ आणि हरियाणातील हिसारचा वंश ४. सूक्ष्मदर्शकाखाली या चौघांत फरक करता येत नाही. फरक दिसतो तो हरभऱ्याच्या रोपांवर : एक वाण पहिल्या वंशासमोर उभा राहतो व दुसऱ्यासमोर पडतो, दुसरा वाण नेमका उलट वागतो. त्या दहा पारखी वाणांत 'जे.जी. ६२' होता, तसेच दख्खनच्या शेतकऱ्यांना परिचित असलेले 'अन्नीगेरी' व 'चाफा' हे वाणही होते.

येथे वंश या शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. जनावरांच्या जाती जशा रूपावरून ओळखतात तसे हे नाही. कोणत्या वाणाला मारू शकतो आणि कोणाला नाही, एवढ्याच कसोटीवर बुरशीचा वंश ठरतो. म्हणजे हरभऱ्याचे वाण हेच येथे मोजमापाचे साधन आहे आणि साधन बदलले की मोजणीही बदलते. पुढे १९८९ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी तेथील नमुन्यांतून 'वंश ०' व 'वंश ५' यांची नोंद केली. कॅलिफोर्निया व भूमध्य सागराच्या परिसरातून आणखी वंश पुढे आले. एकंदर आठ वंशांची सूची रूढ झाली. त्यांपैकी वंश ० आणि वंश १-ब/क हे झाड एकाएकी कोमेजून न टाकता पाने हळूहळू पिवळी पाडतात. उरलेले वंश खरी मर आणतात. गंमत अशी की, भारतातील चारही वंशांपुढे हमखास मरणारा 'जे.जी. ६२' वंश ० समोर मात्र टिकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, भारताच्या अनेक राज्यांतून आणलेल्या नमुन्यांची नव्या पारखी वाणांवर परीक्षा होऊन, आपल्या देशातच आठ वंश मानावेत असे सुचविण्यात आले. चार की आठ हा वाद तज्ज्ञांचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट एवढीच की, जमिनीतील बुरशीचा समाज कायमचा मोजून ठेवता येत नाही.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून

रोपांवरील परीक्षेला आठवडे लागतात, जागा लागते, आणि तापमान थोडे बदलले की निकाल डळमळतो. म्हणून बुरशीच्या आनुवंशिक द्रव्यातच, म्हणजे डी.एन.ए.मध्ये, वंशाची खूण सापडते का याचा शोध सुरू झाला. या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोलाचा आहे. डी.एन.ए.मध्ये काही लहान तुकडे पुन्हा पुन्हा येतात; त्यांची पुनरावृत्ती किती वेळा झाली आहे, यात व्यक्तीव्यक्तींत फरक असतो. गुन्हेगार ओळखण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हेच तत्त्व वापरतात. या तंत्राने भारतातील चारही वंशांची तुलना करणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वंश १ व वंश ४ यांच्यात सुमारे ७६.६ टक्के साम्य आढळले. वंश २ चे त्यांच्याशी साम्य ६७.३ टक्के होते. आणि वंश ३ मात्र अवघ्या २६.७ टक्के साम्यासह फार दूरचा निघाला.

या आकड्यांतील मुख्य बोध असा की, भौगोलिक अंतर आणि आनुवंशिक अंतर एकमेकांशी जुळत नाहीत. हैदराबाद दक्षिणेत, हिसार उत्तरेत. तरी त्यांचे वंश निकटचे. गुरुदासपूर व हिसार हे दोन्ही उत्तरेकडचे. पण त्यांचे वंश परके. स्वतःच्या पायांनी चालू न शकणारी, वाऱ्यावर फारशी न उडणारी बुरशी दूर अंतरावर जाते कशी, या प्रश्नाचे एक उत्तर हरभऱ्याच्या दाण्यातच सापडते. त्याचा विचार पुढे केला आहे.

स्पेन व अमेरिकेतील संशोधकांनी २००२ व २००४ मध्ये आणखी मूलभूत प्रश्न हाती घेतला. हे वंश स्वतंत्रपणे वेगवेगळ्या ठिकाणी उपजले, की एकाच पूर्वजापासून फुटले? अनेक देशांतील नमुन्यांच्या डी.एन.ए.ची छाप घेऊन त्यांनी असे दाखविले की, हरभऱ्याला मारणारी ही सर्व बुरशी एकाच मुळाची आहे, आणि तिचे वंश थोड्या पायऱ्यांनी, एकापुढे एक असे, निर्माण झाले असावेत. पिवळेपणा आणणारे सौम्य वंश आधीचे, मर आणणारे नंतरचे. आणि पुढे हरभऱ्याचा एकेक प्रतिकारक प्रकार जिंकण्याची शक्ती एकेका पायरीने येत गेली. पायऱ्या थोड्या असल्यामुळे हा निष्कर्ष दिलासा देणारा नाही. नवा वंश उपजण्यासाठी मोठ्या उलथापालथीची गरज नाही, एखाद्या जनुकातील बदल पुरेसा होऊ शकतो, असा त्याचा अर्थ होतो.

या बुरशीत नर-मादी संयोगाची अवस्था आजवर आढळलेली नाही. एका बीजाणूपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा, अशी तिची वाढ होते आणि संतती मातृबीजाणूची हुबेहूब प्रत असते. मग विविधता येते कोठून? पहिला मार्ग उत्परिवर्तनाचा. एका रोगट झाडात बीजाणूंची संख्या इतकी अफाट असते की, नक्कल करतानाची दुर्मीळ चूकदेखील शेतात कोठे तरी घडतेच. दुसरा मार्ग अधिक चकित करणारा आहे. टोमॅटोची मर आणणाऱ्या फ्युजॅरियमवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे सिद्ध झाले की, रोगकारक शक्तीची जनुके असलेले संपूर्ण गुणसूत्र एका बुरशीकडून शेजारच्या निरुपद्रवी बुरशीकडे जाऊ शकते, आणि ती निरुपद्रवी बुरशी टोमॅटोला मारू लागते. हे प्रयोगशाळेत घडविलेले आहे. परंतु जमिनीतील बुरशींचा समाज म्हणजे सुटे-सुटे, एकमेकांपासून अलिप्त जीव नव्हेत, हे त्यावरून कळून येते.

उत्परिवर्तनाने नवा वंश उपजला तरी तो पसरतोच असे नाही. बहुतेक वेळा तो गर्दीत विरून जातो. त्याला जागा करून देतो तो शेतकरीच, आणि तीही नकळत. समजा, एका शेतात वंश १ विपुल आहे आणि एखादा वेगळा बीजाणू लाखांत एक आहे. वंश १ ला अडविणारा वाण तेथे सतत पेरला, तर वंश १ ला खाद्य मिळत नाही व तो हळूहळू घटतो. त्या वेगळ्या बीजाणूला मात्र सारे शेत मोकळे मिळते. काही वर्षांनी वाण 'खचला' अशी हाकाटी होते. वास्तविक वाण होता तसाच असतो. जमिनीतील लोकसंख्या बदललेली असते. तालुक्याच्या तालुका एकाच वाणाखाली आणणे कागदावर नीटनेटके दिसते, परंतु बुरशीच्या निवडीला त्याहून सोयीची व्यवस्था दुसरी नाही.

प्रतिकार म्हणजे काय

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९९० च्या दशकात दिलेला 'विजय' हा वाण आणि त्यानंतरचे 'विशाल', 'विराट' व 'दिग्विजय', तसेच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून आलेला 'जाकी ९२१८', यांनी राज्यातील हरभऱ्याचे चित्र पुष्कळ पालटले. 'विजय' आणि रोगप्रवण 'जे.जी. ६२' यांच्या संकरापासून झालेल्या संततीचा अभ्यास करून वंश १, २ व ३ यांना अडविणाऱ्या जनुकांची स्थाने २००९ मध्ये नकाशावर दाखविण्यात आली. मर-प्रतिकाराची अनेक जनुके हरभऱ्याच्या एकाच गुणसूत्र-भागात परस्परांजवळ वसलेली आहेत असे आता ज्ञात आहे. कर्नाटकात 'अन्नीगेरी १' या लोकप्रिय पण मरीला बळी पडणाऱ्या वाणात वंश ४ चा प्रतिकार जनुक-खुणांच्या साहाय्याने घालून 'सुपर अन्नीगेरी १' हा वाण तयार करण्यात आला. पूर्वी यासाठी पिढ्यानपिढ्या रोगग्रस्त क्षेत्रात रोपे मारून पाहावी लागत. आता पानाच्या तुकड्यावरून निवड करता येते.

अशा प्रत्येक वाणाच्या वर्णनातील 'मर-प्रतिकारक' हा शब्द एका अपुऱ्या वाक्याचा भाग आहे. पूर्ण वाक्य असे : अमुक वंशाला, अमुक ठिकाणच्या चाचणीत प्रतिकारक. बियाण्याच्या पिशवीवर एवढे छापण्यास जागा नसते हे खरे. परंतु शिफारस करणाऱ्याच्या मनात ते असलेच पाहिजे.

प्रतिकाराला अंशही असतात. वंश १ च्या बाबतीत, १९८० च्या दशकातील अभ्यासानुसार, तीन जनुके कार्य करतात. त्यांपैकी एकटे जनुक मर थांबवीत नाही, केवळ लांबविते; दोन योग्य जनुके एकत्र आली म्हणजे झाड पूर्ण प्रतिकारक होते. म्हणजे एकच जनुक असलेला वाण उशिरा मरतो. त्याला काही घाटे येतात, दाणे भरतात, आणि ते दाणे खळ्यावर निरोगी दाण्यांत मिसळतात. लवकर मेलेले रोप बी देत नाही. त्याची बुरशी त्याच शेतात राहते. उशिरा मेलेले झाड मात्र बुरशीला प्रवासाचा परवाना देते. हवारे, नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच दाखविले होते की, ही बुरशी दाण्याच्या नाभीत, म्हणजे दाणा घाट्याला चिकटलेला असतो त्या जागी, दडून राहते. उशिरा मेलेल्या झाडाचे दाणे वजनाला हलके, स्पर्शाला खरबरीत व निस्तेज असतात. चाळणी व वारवणी नीट झाली तर त्यांतील बरेच बाहेर पडतात, सर्व नव्हे. बेनोमिल व थायरम यांच्या मिश्रणाच्या बीजप्रक्रियेने बुरशी नष्ट होते असे त्या काळी आढळले होते. परंतु बेनोमिलवर भारतात २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे जुन्या पुस्तिकांतील ही शिफारस आज वापरता येणार नाही. चालू हंगामासाठी कृषी विद्यापीठाने सांगितलेले बुरशीनाशक व त्यानंतर ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची प्रक्रिया, हाच योग्य क्रम होय.

जमिनीची दीर्घ स्मृती

गव्हाचा तांबेरा वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातो. त्यामुळे त्याचे वंश एका हंगामात विस्तीर्ण प्रदेशावर पसरू शकतात. मरीची बुरशी जमिनीत बांधलेली असल्याने तिचा समाज ठिगळांच्या गोधडीसारखा असतो. बांधाच्या दोन बाजूंच्या शेतांतही तिचे प्रमाण व वंश वेगळे असू शकतात. यात एक सवड आहे. परक्या वंशाची आयात आपण होऊन केली नाही, तर तो यावयास वेळ लागतो. रोगट शेतातून वाहून आलेले पाणी, धुऊन न घेतलेली औजारे, रोगट भुसा व काडीकचरा मिसळलेले अर्धवट कुजलेले शेणखत आणि सर्वांत मुख्य म्हणजे बाहेरून आणलेले अनोळखी बियाणे, हे त्याच्या येण्याचे रस्ते आहेत.

एकदा आला की तो जात नाही, ही गोष्ट तितकीच खरी. हरभरा न घेतलेल्या जमिनीतही ही बुरशी सहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून दोन-तीन वर्षांच्या फेरपालटाने बुरशीचे प्रमाण घटते, नाहीशी ती होत नाही. ज्वारी, गहू, करडई यांच्याशी फेरपालट आणि उन्हाळ्यातील खोल नांगरट यांचे मोल या मर्यादेत जाणावे.

तुरीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. तुरीलाही मर लागते, परंतु तिची बुरशी वेगळी, 'फ्युजॅरियम उडम' नावाची. तुरीच्या मरीने हरभरा मरत नाही. यावरून हरभऱ्याच्या मरग्रस्त शेतात तूर निर्धास्त घ्यावी, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तूर मरणार नाही हे बरोबर. मात्र १९८२ मधील अभ्यासात असे आढळले की, हरभऱ्याच्या मरीची बुरशी तूर, मसूर व वाटाणा यांच्या मुळांत कोणतेही बाह्य लक्षण न दाखविता वसती करते. हिरव्यागार तुरीखाली हरभऱ्याचा शत्रू पोसला जात असतो आणि शेतकरी समजतो की जमीन विश्रांती घेत आहे. मर तीव्र असलेल्या शेतात फेरपालटासाठी तृणधान्याला दिलेले प्राधान्य यामुळेच सयुक्तिक ठरते.

नोंद आणि नमुना

कोणत्या जिल्ह्याच्या जमिनीत कोणता वंश आहे याचा नकाशा एकदा काढून भिंतीवर लावला म्हणजे काम संपले असे होत नाही. तो वारंवार दुरुस्त करावा लागतो आणि त्यासाठी शेतातून माहिती यावी लागते. सध्या बहुधा घडते ते असे : प्रतिकारक वाण मेला तर शेतकरी दुकानदाराशी भांडतो, दुकानदार पावसाला दोष देतो आणि झाड बांधावर टाकले जाते. जी एक वस्तू रोगशास्त्रज्ञाच्या टेबलावर जावयास हवी होती, ती बांधावर वाळून जाते व पुढील पावसात बुरशी पुन्हा शेतात उतरते.

प्रतिकारक म्हणून पेरलेल्या हरभऱ्यात, सर्वत्र तुरळक न दिसता, एका जागी गोलाकार पट्ट्यात झाडे मरत असतील आणि खोड चिरल्यावर तपकिरी रेघ दिसत असेल, तर ती बाब ग्रामसेवक वा सरपंच यांनी कृषी सहायकाच्या नजरेस तत्काळ आणावी. बियाणे प्रमाणित होते की घरचे, हे प्रथम विचारावे. घरच्या बियाण्यात भेसळ असण्याचा संभव मोठा असतो आणि मग वाणावर आरोप ठेवणे अन्यायाचे होईल. गावात बीजोत्पादनाचा कार्यक्रम असेल तर असे पट्टे असलेल्या शेतातील माल, उरलेली झाडे कितीही चांगली दिसली तरी, बियाण्यासाठी घेऊ नये. तो डाळीसाठी जावा. मेलेली झाडे मुळांसकट उपटून जाळावीत, उकिरड्यात टाकू नयेत.

नमुना पाठविताना नुकतीच कोमेजू लागलेली चार-पाच झाडे मुळांसकट खणून काढावीत, हलक्या हाताने माती झटकावी, मुळे धुऊ नयेत. झाडे वर्तमानपत्रात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून दोन दिवसांत इतर बुरशी माजतात आणि नमुना निरुपयोगी होतो. सोबतच्या चिठ्ठीवर गाव व गट क्रमांक, वाणाचे नाव, बियाणे कोठून आले, पेरणीची तारीख, मर प्रथम दिसल्याची तारीख आणि मागील तीन वर्षांत त्या शेतात घेतलेली पिके एवढे लिहावे. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. ओलाव्याने शाई पसरते. नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पोहोचतो, आणि झाड उपटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो निघालेला असावा.